धुणं कुणाच्या हिशोबात?

(गोधडी शिवणाऱ्या महिला गटांच्या शिबिरात केलेलं भाषण)

आपल्याकडे गोधडीचं कापड धुवायला कुणी शिकवत नाही. गरजच नसते. आईचं लुगडं, आजोबांचं धोतर गोधडीत जातं तेव्हा त्याचा रंग जायचा तेवढा जाऊन झालेला असतो, आटायचं तेवढं ते आटलेलं असतं. पण आता तुमचे गट विक्रीसाठी गोधड्या करतात आणि नवं कोरं कापड वापरतात. म्हणून माझी एक चूक सांगते. चूक घानात झाली, पण ती इथेही होऊ शकते.

२०१९ साली मी आक्रा शहरात शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या एका गटाबरोबर काम करत होते. तिथलं कापड म्हणजे वॅक्स प्रिंट. कापडाच्या दोन्ही बाजूंना राळेसारखा थर छापतात आणि मग ते रंगात बुडवतात. थर असतो तिथे रंग धरत नाही. थराला तडे जातात, त्यांतून रंग झिरपतो आणि बारीक रेषा उमटतात. मूळ कला जावा बेटावरच्या बाटिकची. डच कारखानदारांनी एकोणिसाव्या शतकात यंत्रावर तिची नक्कल केली. हेलमंड गावातला व्हलिस्को हा कारखाना १८४६ पासूनचा. माल खपला मात्र पश्चिम आफ्रिकेत.

तो खपवला बायकांनी. कुठलं नक्षीकाम चालेल हे बाजारातल्या बायका सांगत आणि कापडाला नावंही त्याच देत. पाकोळ्यांच्या एका नक्षीला घानात म्हणतात ‘पैशाला पंख असतात’. दुसऱ्या एकीचं नाव ‘चांगले मणी वाजत नाहीत’. आपण उथळ पाण्याला खळखळाट म्हणतो, तसंच. शेजारच्या टोगोमध्ये या धंद्यातल्या बायका मर्सिडीज गाड्या घेण्याइतक्या मोठ्या झाल्या. त्यांना ‘नाना बेन्झ’ म्हणत. जानेवारी १९९४ मध्ये तिथल्या चलनाचं मूल्य निम्म्यावर आणलं गेलं, बाहेरून येणारा माल एका रात्रीत दुप्पट महाग झाला आणि त्यांच्या धंद्याला मोठा फटका बसला. नंतर स्वस्त चिनी नकलांनी बाजार भरला. म्हणजे हे कापड नुसतं रंगीबेरंगी नाही, त्यात बायकांचं भांडवल आहे. घानात आई मुलीसाठी पेटीत कापड ठेवून जाते, आपल्याकडे सोनं ठेवतात तसं.

आता माझी चूक. आमच्या गटाला परदेशातल्या एका दुकानाची बारा गोधड्यांची मागणी आली. गडद निळी नक्षी आणि मधे पांढऱ्या पट्ट्या. गटातली सर्वांत वयस्क बाई, तिला सगळ्या आँटी म्हणत, ती म्हणाली, “आधी धुऊ या.” आमच्या वस्तीत नळाला रोज पाणी नव्हतं, विकत घ्यावं लागे. मुदत जवळ आली होती. शिवाय नव्या कापडाला खळ असते, ते कडक असतं, कात्रीला छान लागतं. मी म्हटलं, “राहू दे, वेळ वाया जाईल.” शिकलेली होते ना!

महिन्याभरात पत्र आलं. पहिल्याच धुण्यात निळा रंग पांढऱ्यात उतरला होता, आणि वरचं कापड आटल्यामुळे अस्तराला घड्या पडल्या होत्या. दुकानानं बाराही गोधड्यांचे पैसे अडवले.

धुवायचं कसं, ते आँटीनं मग मला शिकवलं. तेच तुम्हाला सांगते.

आधी चिकटवलेला कागद काढा, पण छापील काठ कापू नका. धुताना तो कापडाला धरून ठेवतो. कापलेल्या कडांना मोठा धावदोरा घाला किंवा मशीनवर नागमोडी टीप मारा, नाहीतर दोरे सुटून गुंता होतो. पांढरं फडकं ओलं करून कापडावर घासा. रंग लागला तर ते कापड वेगळं धुवा. थंड पाणी आणि सौम्य साबण घ्या. अर्धा तास भिजवा, चोळा, खळबळा. पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळा. मीठ आणि व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो असं सगळीकडे सांगतात. अशा छापील सुती कापडाचा रंग त्यानं पक्का होत नाही. सुटा रंग पाण्यानंच जातो. पिळू नका, कायमच्या चुण्या पडतात. सावलीत, काठाला काठ जुळवून वाळत घाला. थोडं दमट असतानाच उलट्या बाजूनं इस्त्री करा आणि उभा-आडवा धागा सरळ करून घ्या. हे सगळं झाल्यावरच मापं घ्या आणि कापा. धुण्याआधी आणि नंतर मोजून पाहा. आमचं कापड मीटरमागे दोन-तीन सेंटिमीटर आटायचं. अस्तरही असंच धुऊन घ्या, दोन्ही आधीच आटलेली हवीत. छोटे तुकडे असतील तर जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधून भिजवा.

एका गोधडीच्या कापडाला दोन बायकांचा अर्धा दिवस आणि सात-आठ बादल्या पाणी लागलं. हे आम्ही नंतर मोजलं. आधी का नाही मोजलं? दरपत्रकात कापड होतं, दोरा होता, शिवणाचे तास होते. धुणं नव्हतंच. ज्यानं कुणी ते दरपत्रक केलं, त्याच्या घरी धुणं आपोआप होत असणार! आणि मी, सामाजिक कार्याची पदवी घेतलेली बाई, मीही तो कागद वाचून मान डोलावली होती. घरकामाचं मोल यावर मी व्याख्यानं देत असे. माझ्याच गटातलं धुणं मात्र मला ‘वाया जाणारा वेळ’ वाटलं.

नुकसान कुणी सोसायचं, यावर बैठक झाली. संस्थेचं म्हणणं होतं, बायकांच्या मजुरीतून थोडंथोडं कापू. आँटी उठली आणि एवढंच म्हणाली, “आम्ही धुऊ म्हणालो होतो.” खोली गप्प झाली. मला उभं राहून सांगावं लागलं की नको मी म्हणाले होते. सांगताना घशाला कोरड पडली होती. पण सांगितलं नसतं तर अकरा बायकांच्या घरचे पैसे माझ्या गप्प राहण्यापायी गेले असते. शेवटी मजुरी पूर्ण दिली गेली, आणि पुढच्या दरपत्रकात पहिली ओळ आली : धुणं, वाळवणं, इस्त्री – अर्धा दिवस, दोन बायका, पाणी वेगळं.

गोधडीचा भाव वाढला. एका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं, दुसऱ्यानं घेतली.

तेव्हा मैत्रिणींनो, आज दुपारी तुम्ही दर ठरवायला बसाल. कापड कोण धुतं, पाणी कोण आणतं, किती हेलपाटे होतात, हे आधी लिहा. शिवण त्यानंतर. आणि गटातली एखादी म्हातारी “आधी धुऊ या” म्हणाली, तर आमच्यासारख्या शिकलेल्यांना जरा गप्प बसवा.