काचेच्या अलीकडचे तज्ज्ञ



  

सागरी संग्रहालयांच्या या परिषदेत प्रघातानुसार अध्यक्षाने आढावा घ्यायचा असतो, आणि सांगण्यासारखे पुष्कळ घडले आहे. जुलै २०२५ मध्ये १२ किल्ल्यांचा ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ जागतिक वारसा यादीत गेला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार थेट समुद्राचे. लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभे राहत आहे. त्याच वर्षी मे महिन्यात कारवारला ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज नौदलात दाखल झाले. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून ते घडवले गेले. चित्राने जहाजाचा आकार दिला, पण बांधणीचा आराखडा कुठेच नव्हता. अभियंत्यांनी गणिते केली. खिळा न मारता फळ्या काथ्याच्या दोरीने शिवायच्या कशा, ते मात्र केरळच्या कारागिरांना ठाऊक होते. बाबू शंकरन या मुख्य मिस्त्रींच्या देखरेखीखाली गोव्यात हजारो टाके हाताने पडले, तेव्हा ते जहाज पाण्यात उतरले.

आढावा इथेच थांबतो. याच उदाहरणातून एक जुनी तक्रार वर येते आणि ती मांडायला याहून योग्य जागा मिळणार नाही. जाणता माणूस तिकीट काढून आत येतो आणि लहान सागरी संग्रहालये त्यालाच शिकवायला निघतात. त्याच्याकडून काही घ्यायचे असते, हे कुणाच्या मनातही येत नाही.

किनाऱ्यावरच्या एका संग्रहालयात प्रस्तुत वक्त्याने पाहिलेला प्रसंग. काचेच्या पेटीत मालवाहू गलबताची प्रतिकृती होती, सुबक, पॉलिश केलेली. लेंगा-टोपीतला एक वयस्क तांडेल नातवाला घेऊन आला होता. प्रतिकृतीपाशी तो थबकला. परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो वासा, डोलकाठीला काटकोनात बांधले होते, चौकोनी शिडाच्या विलायती जहाजावर असते तसे. आपल्याकडच्या गलबतावर परबाण तिरपे चढते, पुढचे टोक नाळेकडे खाली आणि मागचे उंच. म्हाताऱ्याने हातातली काठी आडवी-तिरपी धरून ते नातवाला दाखवले. वारा बदलला की परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला कसे न्यायचे, त्या वेळी दोर कुणी धरायचा आणि कुणी सोडायचा, हेही दाखवू लागला. तेवढ्यात रखवालदार आला. “आजोबा, काचेपासून लांब.” नातू खजील झाला. तांडेलाने काठी खाली घेतली आणि दोघे बाहेर पडले. त्या दालनात त्या दिवशी जहाज हाकता येणारा तो एकच माणूस होता. परबाण पुढे कितीतरी वर्षे तसेच आडवे राहिले.

या प्रसंगाचा राग अजून गेलेला नाही आणि तो जाऊ नये अशीच इच्छा आहे.

मंगळुरी कौले, मीठ, लाकूड घेऊन मुंबईपासून मलबारपर्यंत फिरलेली शिडाची गलबते आता किनाऱ्यावर दिसत नाहीत. यंत्र आले, रस्ते झाले, फायबरच्या होड्या आल्या. त्या गलबतांवर पोरवयात चढलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. दर पावसाळ्यानंतर त्यांतली काही कमी झालेली असतात. संग्रहालयाच्या वार्षिक अहवालात ती ‘प्रौढ प्रेक्षक’ या रकान्यात एक आकडा म्हणून उरतात.

सहकाऱ्यांत एक वाद बरेच दिवस चालू आहे: लहान संग्रहालयाने पैसा टच-स्क्रीनवर घालावा की वस्तूंवर? याचा निकाल प्रस्तुत वक्त्याच्या तीन खोल्यांच्या संग्रहालयात लागलेला आहे. तिथे पडवीत काथ्याचा जाड दोर, एक लाकडी कप्पी आणि पाण्याने भरलेले पिंप ठेवले आहे. शाळेची सहल आली की मुले आतल्या टच-स्क्रीनच्या पडद्यापाशी क्षणभर रेंगाळतात आणि पिंपाकडे धावतात. एकदा बंदरावरची एक कोळीण मासळी विकून परतताना आत डोकावली. मुलांची ओढाताण बघून तिने टोपली खाली ठेवली, गाठ कशी मारायची ते दाखवले, चुकणाऱ्याला दटावले आणि बरोबर करणाऱ्याची पाठ थोपटली. शिक्षिका वहीत लिहून घेत होत्या. पडदा हवा की नको, हा प्रश्नच त्या दुपारी कुणाला पडला नाही. शिकवणारे माणूस हवे, एवढे मात्र सगळ्यांना दिसले.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर हेच मोठ्या प्रमाणावर घडते. ‘कुरसुरा’ ही सोव्हिएत बांधणीची पाणबुडी १९६९ मध्ये नौदलात दाखल झाली, १९७१ च्या युद्धात गस्तीवर होती आणि २००२ पासून संग्रहालय आहे. आत जागा अरुंद. सुमारे ९१ मीटर लांबीच्या त्या नळकांड्यात ७५ माणसे राहत. तिथे वाट दाखवतात ते नौदलातून निवृत्त झालेले लोक. झोपायच्या फळीकडे बोट दाखवणाऱ्याने स्वतः नौदलाचे मीठ खाल्लेले असते, त्यामुळे प्रेक्षक पाटी वाचत बसत नाही, त्याला प्रश्न विचारतो. हे करायला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

दुसरा वाद दुःखद घटनांचा. अपघात, बुडालेल्या बोटी संग्रहालयात मांडाव्यात, की प्रेक्षक अस्वस्थ होतील म्हणून टाळाव्यात? १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबाग परिसरात त्या दिवसाची आठवण घराघरांत आहे. प्रस्तुत वक्त्याने त्या बोटीचे एक छायाचित्र भिंतीवर लावले, तेव्हा हितचिंतकांनी विरोध केला. काही दिवसांनी एक वृद्ध बाई त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग आपणहून बोलू लागल्या. त्यांचे वडील मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. वाटेत माणसे तरंगताना दिसली, तशी मासळी समुद्रात टाकली आणि माणसे होडीत घेतली. “त्या दिसाचं नुकसान आमच्या घरात कुनीच मोजलं नाय,” असे त्या म्हणाल्या. छायाचित्र अजून भिंतीवर आहे. शेजारी त्यांचे म्हणणे लावलेले आहे आणि सर्वांत जास्त लोक तिथेच थांबतात.

न विचारल्याने काय हरवते, ते दूरच्या एका बंदरात दिसते. हार्टलपूल हे ईशान्य इंग्लंडमधले बंदर. तिथे ‘ट्रिंकोमाली’ ही शिडाची युद्धनौका पाण्यावर उभी आहे. ती मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधली गेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन येणारे ‘जावा’ हे जहाज १८१२ मध्ये अमेरिकी युद्धनौकेशी लढताना गेले, म्हणून नव्या प्रती मागवाव्या लागल्या. आराखडे हरवले तर दुसरे आले. वाडियांचे नाव इतिहासात राहिले. पण त्या सागवानाला आकार देणाऱ्या, फटींत कापूस ठोसणाऱ्या मुंबईच्या सुतारांना कुणी काही विचारले नाही. त्यांची हत्यारे कोणती, लाकूड ते कसे पारखत, हे त्यांच्याबरोबर गेले. तेव्हा विचारणारी संग्रहालये नव्हती. आज कोकणात आणि गोव्यात आहेत, आणि तरीही विचारले जात नाही. हा आपल्या पिढीचा अपराध ठरेल, आणि त्याला निधीच्या टंचाईचे कारण चालणार नाही.

तेव्हा कामे काय? प्रत्येक प्रतिकृतीशेजारी एक वही आणि लिहून घेणारा माणूस असावा. तांडेल, खलाशी, सुतार, जाळी विणणाऱ्या बाया यांची बोलणी ध्वनिमुद्रित व्हावीत. पाट्यांचे मसुदे छापण्याआधी त्यांना वाचून दाखवावेत. किनाऱ्यावरच्या लहान संग्रहालयांची एक सामाईक सूची व्हावी. तिचा तपशील कार्यकारिणीने ठरवायचा आहे आणि तो पुढच्या बैठकांत ठरेल.

एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नये. पाट्या तपासण्यासाठी परिषद जी समिती नेमणार आहे, तीत आजवर प्राध्यापक आणि अधिकारी यांचीच नावे सुचवली गेली आहेत. तीत शिडाच्या गलबतावर काम केलेले किमान दोन तांडेल आणि होड्या बांधणारा एक सुतार असावा, आणि त्यांना प्रवासखर्च व मानधन इतर तज्ज्ञांइतकेच मिळावे. हा ठराव अध्यक्षांच्या वतीने मांडला जात आहे. त्यावर मतदान आजच, जेवणाच्या सुट्टीपूर्वी घ्यावे.