शिवीला डाव नसतो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



माझी नात निलंग्यात कराटे शिकते. परवा तिला आणायला गेलो, तेव्हा वर्ग सुटायचा होता. मुलं गुडघे टेकून रांगेत बसली आणि सरांच्या मागोमाग पाच जपानी वाक्यं म्हणू लागली. प्रत्येक वाक्य 'हितोत्सु' या शब्दानं सुरू होई. सरांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "हितोत्सु म्हणजे एक. पाचही नियमांचा क्रमांक एकच, कारण यातला कुठलाच दुय्यम नाही." चारित्र्य, सचोटी, चिकाटी, आदर आणि रागाच्या भरात हात न उचलणं, असे ते पाच नियम.

शेवटचा नियम ऐकला आणि मला माझी तालीम आठवली.

आमच्या तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. त्यानंतर आम्हा पोरांना कुस्तीचं वेडच लागलं. पहाटे उठून हौदा उकरायचा, मारुतीला हात जोडायचे, तांबडी माती कपाळाला लावायची आणि मग जोर-बैठका. चार डाव आले आणि अंगात मस्ती आली. एका जत्रेत एका पोरानं मला शिवी दिली. मी त्याचा हात असा पिरगाळला, की कोपर निखळलं. तो मजुरी करून घर चालवणारा होता.

वस्तादांनी मारलं नाही. एवढंच विचारलं, "डाव का टाकलास?"

"त्यानं आधी शिवी दिली, वस्ताद."

"शिवीला डाव नसतो रे. डाव हौद्यात, जोडीच्या गड्याशी."

महिनाभर मला कुस्ती बंद. पहाटे माती उकरायची आणि नंतर त्या पोराच्या घरी आडाचं पाणी भरायचं. पहिले काही दिवस त्याची आई माझ्याशी बोललीसुद्धा नाही. पाणी मी भरलं. पण त्याचा हात पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही.

कराटेचे थोर गुरू गिचिन फुनाकोशी (१८६८–१९५७) पेशानं शाळामास्तर होते. ओकिनावा बेटावरची ही विद्या १९२२ साली त्यांनी टोकियोत दाखवली. त्यांनी शिष्यांसाठी वीस सूत्रं लिहिली. पहिलं सूत्र सांगतं, की कराटेची सुरुवात आणि शेवट नमस्कारानं होतो. दुसरं सांगतं, की कराटेत पहिला वार आपला नसतो. आमच्या वस्तादांनी फुनाकोशींचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण ज्याच्या हाती ताकद देतो, त्याच्या हाती लगामही द्यावा लागतो, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आज पालक वर्गात नाव घालताना विचारतात, "काळा पट्टा किती वर्षांत मिळेल?" पट्ट्याची हौस असू द्या. पण वर्ग सुटताना मुलं काय म्हणतात, हेही एकदा दाराशी उभं राहून ऐका. आणि घरी आल्यावर त्याचा अर्थ मुलांनाच विचारा.

नात मला म्हणाली, "आजोबा, कुणी आधी मारलं तर?"

मी म्हटलं, "तर स्वतःला वाचव. आणि तो पडला, तर तिथंच थांब."

हे थांबणं मला तेव्हा जमलं नव्हतं, म्हणून तिला सांगतो.