परदेशांतील आप्तभोजन

ज्या घरांतील मुलें परदेशीं स्थायिक झालीं, त्या घरांतील वडील मंडळींना उतारवयांत एक प्रवास सहसा चुकत नाहीं. मुलगा तिकीट धाडतो, सून दूरध्वनीवरून लोणच्यामसाल्यांची यादी सांगते, आणि आयुष्यांत फार तर काशी-पंढरपूर पाहिलेलें दांपत्य एके दिवशीं अमेरिकेंत जाऊन उतरतें. पूर्वीं सणावाराला मुलें घरीं येत. आतां घरच उठून मुलांकडे जातें. ठाकुर्लीच्या एका कुटुंबाची ही हकीकत अशीच आहे.

कल्याण व डोंबिवली यांच्या मधलें ठाकुर्ली हें लहानसें स्टेशन. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें आपल्या विजेच्या गाड्यांसाठीं 1929 च्या सुमारास येथें वीजगृह उभारलें. कोळशावर वाफ, वाफेवर वीज आणि विजेवर गाड्या, असा तो व्यवहार होता. पुढें तें बंद पडलें. या कुटुंबांतील आजोबा तरुणपणीं त्याच वीजगृहाच्या बॉयलरवर कामाला होते. त्यांचें व त्यांच्या धाकट्या भावाचें मिळून गांवांत एक कौलारू घर होतें. दिवाळींत त्या घराच्या पडवींत तीस-पस्तीस पानें मांडलीं जात. धाकटा भाऊ वारला, घर पाडून इमारत बांधण्याची गोष्ट निघाली आणि वांटणीच्या कागदावरून आजोबांचें व पुतण्याचें बिनसलें. सहा वर्षें दोघांत शब्द नव्हता. मध्यंतरीं घर पडलें, पडवीहि गेली, आणि आजोबा-आजी दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेंत राहूं लागलीं.

मुलगा न्यू जर्सी संस्थानांत एडिसन या गांवीं राहतो. 1965 सालीं अमेरिकेनें परदेशीयांच्या प्रवेशाचा कायदा बदलल्यानंतर आपल्याकडील शिकलेलीं माणसें त्या देशांत जाऊं लागलीं, आणि एडिसनला तर आज हिंदी लोकांचीं दुकानें रांगेनें लागलेलीं दिसतात. विजेचा दिवा व्यवहारांत आणणारा थॉमस एडिसन यानें 1876 सालीं येथील मेन्लो पार्क भागांत आपली प्रयोगशाळा थाटली. त्याचें नांव गांवाला 1954 सालीं मिळालें. वीजगृहांत हयात घालविलेल्या गृहस्थाला याच गांवीं पाहुणा म्हणून यावें लागावें, हा योग मौजेचा म्हणावयाचा.

जुलैच्या चार तारखेला अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन असतो. त्या दिवशीं तिकडे घरोघर आणि बागोबाग विस्तव पेटतात. मुलानें रूझवेल्ट पार्क या सार्वजनिक उद्यानांत सर्व आप्तांना बोलाविलें. टोरांटोहून मुलगी व जांवई यावयाचे होते. टेक्सासहून पुतण्याहि सहकुटुंब येणार, हें त्यानें वडिलांना आदल्या रात्रीं सांगितलें. आजोबा कांहींच बोलले नाहींत. सकाळीं मात्र सर्वांच्या आधीं कपडे करून बसले.

या भोजनाला तिकडे बार्बेक्यू म्हणतात. कॅरिबियन बेटांतील तैनो लोक लांकडी माचा करून त्यावर मांस-मासे भाजीत. त्या माच्याचें नांव स्पॅनिश लोकांनीं उचललें आणि तेथून तें सर्वत्र पसरलें. हल्लींची गोल, झांकणाची शेगडी जॉर्ज स्टीफन या कारागिरानें 1952 सालीं शिकागोकडे लोखंडी बोयाचे दोन भाग करून बनविली. आपल्याकडे या प्रकाराचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. रायगडांत हिंवाळ्यांत मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला व वालाच्या शेंगा भरून, मडकें पालथें घालून पोपटी लावतात. देशावर आगटींत हुरडा भाजतात. फरक एवढाच कीं आपल्या पंगतींत माणूस बसतो व वाढणारा फिरतो. तेथें वाढणारा शेगडीजवळ उभा, आणि खाणारा हातांत कागदी थाळी घेऊन हिंडतो. शिवाय एरव्हीं स्वयंपाकघरांत न फिरकणारे पुरुष तेथें अगदीं आचारी होतात. आजींना ही गोष्ट फार आवडली. ठाकुर्लीसहि ती सुरू व्हावी असें त्यांनीं मोठ्यानें सांगितलें. त्यांच्या शाकाहारासाठीं दुसरी शेगडी आणली होती. तिच्यावर भरताचीं वांगीं आणि मक्याचीं कणसें भाजावयाचीं होतीं.

ती शेगडी पुतण्याकडे आली. त्यानें कोळसा ओतला, वर तेल शिंपडलें, काडी लावली. भडका उडाला, विझला, आणि काळा धूर निघूं लागला. पुन्हा तेल, पुन्हा भडका. पोरें खोकत दूर पळालीं. आजोबा दहा पावलांवर बांकावर बसून हें सारें पाहत होते. कोळशाची ज्वाला म्हणजे आंच नव्हे; अर्धा तास थांबून निखाऱ्यावर करडी राख चढली म्हणजे खरी आंच मिळते, आणि काळा धूर निघाला तर हवा कमी पडते आहे, हें बॉयलरवरच्या माणसाला शिकवावें लागत नाहीं. ते थोडा वेळ थांबले. मग उठले, शेगडीपाशीं गेले आणि म्हणाले, “अरे, खालचीं भोकें उघड. हवा मिळत नाहीं त्याला.”

पुतण्या वळला. “किती उघडूं, काका?”

“पुरतीं. आणि तें तेल आधीं दूर ठेव.”

सहा वर्षांनंतरचें बोलणें तें एवढेंच. धूर पांढरा झाला, मग विरळ झाला. दोघे अर्धा तास कोळशाकडे पाहत उभे राहिले. कोणी जवळ गेलें नाहीं. मुलानें हांक मारण्यासाठीं तोंड उघडलें होतें, पण बायकोनें त्याला खुणेनें थांबविलें. राख चढल्यावर आजोबांनीं स्वतः वांगीं मांडलीं आणि ती फिरविण्याचें काम पुतण्याला दिलें. साल करपून फुटली तेव्हां आजींनीं तीं सोलून, कच्चा कांदा घालून भरीत केलें, आणि पहिली थाळी पुतण्याच्या धाकट्या मुलीपुढें ठेविली. तिला तें तिखट लागलें. तिनें तें बापाच्या थाळींत लोटलें.

तिकडे जुलैंत साडेआठपर्यंत उजेड असतो. निघतांना निखाऱ्यांवर पाणी ओतून ते ठराविक लोखंडी पिंपांत टाकावयाचे, असा उद्यानाचा नियम. तें काम दोघांनीं मिळून केलें. कागदांचा विषय त्या दिवशीं निघाला नाहीं. डिसेंबरांत पुतण्या कुटुंबासह ठाकुर्लीस यावयाचा आहे. जागा लहान आहे. परत आल्यावर आजींनीं शेजारणीकडे दोन गाद्या आतांच सांगून ठेविल्या आहेत.