हजेरीची तिसरी प्रत



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकाच्या डिस्कांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शिक्षण शाळेपेक्षा गेटसभांत आणि मस्टरच्या पानांत अधिक झाले. ते मस्टरच संगणकात गेले, तेव्हा त्याच्यामागून आम्हांलाही आत जावे लागले.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा सलग धरली. पण ते दिवस सिद्ध करण्याचा भार कामगारावरच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. म्हणजे हजेरीची नोंद हीच त्याची भाकरी. सातपूरच्या एका कारखान्यात ही नोंदच नाहीशी झाली. कशी, ते ऐका.

हल्ली एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालतात. अशा यंत्राची डिस्क म्हणजे वस्तुतः एक मोठी फाइल. तिचा 'स्नॅपशॉट' घेतला की नक्कल निघाली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मूळ चोपडी तेवढ्यापुरती बंद होते आणि पुढच्या नोंदी सुट्या कागदांवर होतात. चोपडीवाचून ते कागद निरर्थक, आणि कागदांवाचून चोपडी जुनी. काम झाले की कागदांवरचा मजकूर चोपडीत उतरवून घ्यायचा. स्नॅपशॉट रीतसर काढणे म्हणतात ते हेच. या क्षेत्रातली व्हीएमवेअर कंपनीही बजावते, की एक स्नॅपशॉट बहात्तर तासांपेक्षा अधिक ठेवू नये आणि त्याला बॅकअप समजू नये.

त्या कारखान्यात तो आठ महिने पडून राहिला. सुटे कागद वाढत गेले, डिस्क भरली, यंत्र थांबले. जागा करण्यासाठी कोणी तरी ती फुगलेली फाइलच हाताने पुसून टाकली. आठ महिन्यांची हजेरी गेली. बॅकअप कुठे आहे, असे आम्ही विचारले, तर उत्तर आले, "तो स्नॅपशॉटच आमचा बॅकअप होता." काही कामगारांनी खिशातल्या डायरीत दिवस टिपले होते, ते तरले. ज्यांच्याजवळ डायरी नव्हती, त्यांतले कित्येक कोरड्या हातांनी परतले. दोष आमचाही होता. दरमहा हजेरीची प्रत मागावी, हे आम्हांला सुचलेच नाही.

खरा बॅकअप म्हणजे बाहेर नेलेली नक्कल. स्नॅपशॉट क्षणभर घ्यावा, त्याच्या आधाराने पूर्ण प्रत दुसरीकडे उतरवावी आणि तो लगेच मिटवावा. यासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे: प्रती तीन, माध्यमे दोन, आणि एक प्रत दुसऱ्या जागी.

दुसरी जागा कशाला, हे नाशिककरांना सांगायला नको. दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पूर मोजणारी आपण माणसे. १९६९ आणि २००८ चे महापूर आपल्याला ठाऊक आहेत. चोपडी दुकानात आणि नक्कल त्याच दुकानाच्या माळ्यावर असेल, तर गोदामाई दोन्ही एकदम नेते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा कागदांच्या फायली जळाल्या. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी संगणक केंद्राला आग लागली, तेव्हा ८५८ टेराबाइट मजकूर गेला. त्याची प्रत बाहेर कुठेच नव्हती. कागद असो की डिस्क, आगीला दोन्ही सारखेच.

आणखी एक गोष्ट. प्रत आहे एवढ्यावर निजू नये. तीन महिन्यांतून एकदा तिच्यावरून यंत्र पुन्हा उभे करून पाहावे. न उघडलेल्या पेटीत धान्य आहे की घुशी, हे उघडल्यावरच कळते.

म्हणून वेतनाच्या मागणीपत्रात आम्ही आता एक कलम अधिक घालतो: हजेरीची प्रत दरमहा कामगाराच्या हाती द्यावी. तिसरी प्रत ठेवायला कामगाराच्या घराइतकी भरवशाची जागा आम्हांला दुसरी दिसत नाही.