स्टॉल आमचा, जागा सरकारची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, रेल्वे स्थानकावर वीस-पंचवीस वर्षे चहाचा स्टॉल चालवणाऱ्या माणसाला विचारा, जागा कोणाची? तो म्हणेल, रेल्वेची. मग विचारा, स्टॉल कोणाचा? तो म्हणेल, आमचा, वडिलांपासून आहे. दोन्ही उत्तरे तो मनापासून देतो. पण एक दिवस परवाना रद्द झाल्याचे पत्र हातात पडते आणि दुसऱ्या उत्तराला कायद्यात किती आधार आहे, हा प्रश्न उभा राहतो. महापालिकेच्या मंडईतला गाळा, सरकारी रुग्णालयातील उपाहारगृह, कचेरीच्या आवारातले झेरॉक्सचे दुकान, सगळीकडे हीच कथा आहे.

याचे मूळ १८८२ सालच्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्ये आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये लायसन्सची, म्हणजे परवान्याची व्याख्या दिली आहे. दुसऱ्याच्या जागेत एखादी गोष्ट करण्याची नुसती परवानगी म्हणजे परवाना. जागेत हितसंबंध निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात तो होतो. सगळा फरक एवढाच, पण त्यावर माणसांचे संसार अवलंबून असतात.

परवाना ही व्यक्तीपुरती गोष्ट आहे, हे अनेकांच्या ध्यानातच नसते. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर कलम ५६ प्रमाणे परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. इतकेच काय, नोकरामार्फत किंवा मुखत्यारामार्फतही वापरता येत नाही. वडिलांच्या नावाचा परवाना, गल्ल्यावर मुलगा आणि दुपारच्या वेळी मेहुणा, अशी आपल्याकडची रीत. कागद मात्र फक्त वडिलांना ओळखतो. कार्यालयाला परवाना काढून घ्यायचाच असेल, तर पहिले कारण बहुधा इथेच सापडते.

आता तुम्ही म्हणाल, कागदावर 'परवाना' लिहिले म्हणून तो परवाना होतो का? नाही होत. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात केशकर्तनाचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थांचे प्रकरण १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले होते. शीर्षक पाहू नका, व्यवहाराचे खरे स्वरूप आणि उभयतांचा हेतू पाहा, ही कसोटी त्या निकालातून पुढे आली आणि आजही वकील तिचाच दाखला देतात. जागेचा अनन्य ताबा दिला होता का, किल्ली कोणाकडे होती, मालकाला केव्हाही आत येता येत होते का, असे प्रश्न मग विचारले जातात. प्लॅटफॉर्मवरच्या स्टॉलधारकाला या कसोटीचा फायदा क्वचितच होतो. स्टॉल कुठे ठेवायचा, केव्हा उघडायचा, चहा काय भावाने विकायचा, हे सगळे परवाना देणारी संस्थाच ठरवत असते.

मुंबईकरांना आणखी एक आशा वाटते, १९७३ च्या दुरुस्तीची. त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे परवान्यावर जागेत होते, त्यांना मुंबई भाडे कायद्याने भाडेकरू मानले. हजारो कुटुंबे त्यामुळे तरली. परंतु सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना तो कायदा मुळात लागूच नव्हता. त्याच्या जागी आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही ती सूट कायम आहे. शेजारच्या चाळीतला दुकानदार वाचला आणि मंडईतला राहिला, त्याचे कारण हे.

उलट सार्वजनिक जागा रिकाम्या करून घेण्यासाठी झटपट मार्ग आहे. केंद्र सरकारच्या जागांसाठी १९७१ चा कायदा आहे, तर राज्य सरकारच्या आणि मुंबई महापालिकेच्या जागांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. दिवाणी न्यायालयात दावा न लावता अधिकारीच सुनावणी घेतो आणि हुकूम देतो. म्हणजे ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याच घरचा पंच! ही तक्रार न्यायालयासमोर अनेकदा आली. चंदीगडच्या एका सरकारी हॉटेलच्या प्रकरणात १९६७ मध्ये पंजाबची अशी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी रद्दही केली. सरकारने कोणाला दिवाणी दाव्यात खेचायचे आणि कोणाला झटपट मार्गाने काढायचे, याला काही निकषच नाही, हे तिचे कारण. मात्र १९७४ मध्ये मगनलाल छगनलाल खटल्यात सात न्यायाधीशांनी मुंबईच्या तरतुदी वैध ठरवल्या. तेव्हापासून हा मार्ग पक्का आहे.

मग गाळेधारकाच्या हाती काय उरते? माझ्या मते बरेच काही, फक्त तो चुकीच्या ठिकाणी जोर लावतो. सरकार हा खासगी घरमालक नव्हे. मुंबई विमानतळावरील एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार यांच्या निविदेचा वाद १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. सर्वांत मोठी बोली महिना ६,६६६ रुपये ६६ पैशांची होती. पण ती देणाऱ्याकडे जाहिरातीत मागितलेला अनुभव नव्हता. स्वतः घातलेली अट सरकारी संस्थेला मोडता येत नाही, असे न्यायमूर्ती भगवतींनी बजावले. मात्र अर्जदार उशिरा आला होता आणि दरम्यान नव्या ठेकेदाराने खर्च केला होता, म्हणून ठेका काही रद्द झाला नाही. अर्जदाराच्या मागे जागा न सोडणारा जुना उपाहारगृहचालक उभा आहे, हेही न्यायालयाच्या नजरेतून सुटले नाही.

तेव्हा 'जागा माझी' हा युक्तिवाद बहुधा टिकत नाही. 'मला नोटीस दिली नाही, कारण सांगितले नाही, माझे ऐकले नाही, शेजाऱ्याला एक नियम आणि मला दुसरा लावला' हा टिकू शकतो. कलम ६० मध्ये एक अपवादही आहे: परवान्यावर विसंबून स्वखर्चाने कायमस्वरूपाचे बांधकाम केले असेल, तर परवाना मागे घेता येत नाही. उत्तर प्रदेशातील एका शिक्षणसंस्थेला १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या अपवादाने तारले. पण काउंटर, फ्रीज, रंगरंगोटी यांना कायमचे काम म्हणवणे अवघड आहे, आणि बांधकाम करायचे नाही, ही अट छापील करारात बहुतेक वेळा असतेच. तो करार सही करण्यापूर्वी वाचणारा गाळेधारक मला तरी फारसा भेटलेला नाही.

परवाना संपला तरी माल हलवण्यासाठी वाजवी मुदत मिळण्याचा हक्क कलम ६३ देते. मोबदला घेऊन दिलेला परवाना, आपला काही दोष नसताना मुदतीआधी काढला, तर कलम ६४ प्रमाणे भरपाई मागता येते. हे दोन हक्क मागणारे थोडे. सगळे धावतात ते मनाई हुकूम मिळवायला. आणि तिथे १९७१ च्या कायद्याचे कलम १५ आडवे येते, कारण त्याने या बाबतीत दिवाणी न्यायालयांचे दार बंद केले आहे. शिवाय परवाना संपल्यावर जितके दिवस बसाल, तितक्या दिवसांची नुकसानभरपाई अधिकारी ठरवतो, आणि ती जुन्या परवाना शुल्काएवढीच असेल असे नाही. कार्यालयाने मधल्या काळात पैसे घेतले, तरी परवाना पुन्हा जिवंत झाला असे समजू नये.

नोटीस आली की पहिल्या दिवशी करार, सर्व पावत्या आणि पत्रव्यवहार एकत्र करावा, उत्तर लेखी द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. केंद्र सरकारच्या जागेतून बेदखलीचा हुकूम निघाला, तर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करता येते. मुंबईत ते नगर दिवाणी न्यायालयात जाते. त्यासाठी मुदत फक्त १२ दिवसांची असते. उशिराचे सबळ कारण दाखवले तर ती वाढू शकते, पण तोवर स्टॉलला सील लागलेले असू शकते.