परिचर्येची सनद

आज परिचर्याशास्त्राची पदवी संपादन करणाऱ्या स्नातकांनो,

विद्यापीठाची सनद घेऊन तुम्ही ज्या समाजात पाऊल टाकीत आहात, तेथे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची शुश्रूषा मुख्यतः घरांतच होते; आणि ती करणाऱ्या सुनेला, लेकीला, थकलेल्या पत्नीला अथवा सेविका पुरविणाऱ्या ब्युरोतून आलेल्या मावशींना हे काम बहुधा कोणी शिकविलेले नसते. तुमची भेट फार तर तासाभराची. उरलेला अहोरात्र भार वाहणाऱ्या त्या व्यक्तीच्या हाती तुम्ही किती कौशल्य ठेवून निघता, यावरूनच तुमच्या विद्येचे मोल ठरावे, असे मला आग्रहपूर्वक सांगावयाचे आहे.

हे कौशल्य असे: रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. बदलताना त्याला ओढू नये, कारण घर्षणाने कातडी सोलवटते, तर अंगाखाली घातलेल्या घडीच्या चादरीने दोघांनी उचलून सरकवावे. माकडहाड, टाचा आणि खुब्याची हाडे रोज उजेडात न्याहाळावी, व बोटाने दाबूनही न निवळणारी लाली अथवा काळसर डाग दिसताच ती जखमेची वर्दी समजावी. पेज भरविताना पाठीशी उशा देऊन रुग्णास बसते करावे. तुमच्या क्रमिक पुस्तकांतील ही थोडकी पाने त्या घरात वेळेवर पोहोचली नाहीत, तर हाडापर्यंत उतरणाऱ्या जखमेच्या यातना त्या वृद्धाला सोसाव्या लागतात.

ही विद्या सामान्य माणसाला देता येते, हे केरळने सिद्ध केले आहे. कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या कार्यातून पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचीच प्रशिक्षित पथके उभी राहिली. २००८ साली राज्याने त्यासंबंधीचे धोरण मुक्रर केले, आणि घरोघरी परिचारिका पाठविण्याची तजवीज पंचायतींच्या कारभारात रुजली. आपल्याकडेही पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा हे काम हलके लेखले जात असे; त्याच कामाची पदवी आज तुम्ही मानाने स्वीकारीत आहात, म्हणून तो मान घरातील शुश्रूषा करणाऱ्यांपर्यंत नेणे हे तुमचे कर्तव्य ठरते.

म्हणून घरात शिरताच प्रथम शुश्रूषा करणाऱ्यांना विचारा. आजोबांनी कालपासून पाणी कमी घेतले, हे तुम्ही नाडी पाहण्यापूर्वी त्यांनाच ठाऊक असते. त्यांची कंबर, त्यांची झोप यांचीही विचारपूस करा. त्यांचे निरीक्षण दप्तरी नोंदवा. आणि त्यांच्यासाठी रीतसर प्रशिक्षण, वाजवी वेतन व हक्काची विश्रांती मिळावी म्हणून नगरपालिका व जिल्हा परिषदांकडे नेटाने पाठपुरावा करा. जेथे जेथे तुमची नेमणूक होईल, तेथे तुमच्या मागे अशी शिकलेली, निर्भय आणि सन्मानित माणसे उभी राहोत, हीच माझी शुभकामना.