दुष्काळ कट-ऑफ तारीख पाहून येत नाही



शहरातल्या घरांवरची परिषद लातुरात कशाला, असे काहींनी विचारले. एप्रिल २०१६मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्याला आठवत असेल. पाणी इकडे येत होते आणि मराठवाड्यातली माणसे बाहेर पडत होती. त्याच उन्हाळ्यात मुंबईत घाटकोपरच्या एका मैदानावर नांदेडकडची कुटुंबे पालं ठोकून राहिली. गावात शेत असलेली माणसे सकाळी नाक्यावर रोजंदारीसाठी उभी राहत होती.

आमच्या भागाला स्थलांतर नवे नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता व्हायचे, फडाजवळ कोपी बांधायची आणि पावसाळ्याआधी गावी परतायचे. आता हवामान असे बदलले आहे, की पाऊस महिना-महिना दडी मारतो आणि काढणीला आलेले सोयाबीन एका रात्रीत पाण्यात जाते. उचल फिटत नाही, माणूस शहराची वाट धरतो, परतणे लांबते आणि तो शहरातच अडकतो. तिथे त्याची सोय कोणत्या योजनेत आहे? झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घराला १ जानेवारी २०००पूर्वीचा पुरावा लागतो, सशुल्क घराला १ जानेवारी २०११पूर्वीचा. २०१६चा दुष्काळग्रस्त दोन्हीकडे अपात्र! दुष्काळ काही कट-ऑफ तारीख पाहून येत नाही.

मालकीच्या घरांनी हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. नुकत्याच आलेल्या कुटुंबाला लागते ती भाड्याची खोली. डिपॉझिट न मागणारी, नाक्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर, नळ आणि संडास असलेली. मुंबईत १९२०च्या दशकात सरकारनेच कामगारांसाठी बीडीडी चाळी बांधल्या, त्या भाड्याच्याच होत्या. केंद्राने २०२०मध्ये स्थलांतरितांसाठी भाड्याच्या घरांची योजना आणली खरी, पण ती आमच्या माणसापर्यंत पोचलेली मला दिसत नाही. आणि घरे कुठे बांधता, तेही पाहावे लागेल. मुंबईतच माहुलला तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी लोकांना नेऊन बसवले. तिथून सुटण्यासाठी त्यांना रस्त्यावर आणि न्यायालयात लढावे लागले.

या परिषदेच्या ठरावात तारखेची अट नसलेल्या, महापालिकेच्या मालकीच्या भाड्याच्या घरांची मागणी स्पष्ट शब्दांत यावी, एवढा आग्रह धरतो. ती पहिल्यांदा लातूर महापालिकेकडे करा. खेड्यातून निघालेला माणूस आधी आमच्याच दारात येतो. अध्यक्ष महोदयांनी आता परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, अशी विनंती करतो.